धार लावलेली चकमक

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी एक गंजका बार्ज दिसतो. दोन वर्षं झाली, हलला नाही. दोन कंपन्यांचं भांडण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत हा लोखंडी रेडा पाण्यात बांधून ठेवायचा असं ठरलं. बांधलेल्या रेड्यालाही राखण लागतेच. ती राखण भिकू करतो. पंधरा दिवस बार्जवर, पंधरा दिवस घरी.

त्याचं घर समोरच्याच कोळीवाड्यात. डेकवरून देवळाचा कळस दिसतो, आणि कळसाच्या डाव्या हाताला निळे पत्रे दिसतात, ते त्याचे. हवा स्वच्छ असली तर दोरीवरचं लुगडंही ओळखू येतं. मध्ये दीड-दोन मैल पाणी. पण बार्जवर होडी नाही. मालकांनीच ठेवू दिलेली नाही, राखणदार घरी पळेल म्हणून. ज्या माणसाने तीस वर्षं तांडेल म्हणून स्वतःची होडी समुद्रात नेली आणि आणली, त्याला होडीवाचून पाण्यात बसवून ठेवलेलं. पहिल्या खेपेला भिकू याला हसला होता. नंतर हसायचं सोडून दिलं.

हे काम त्याने घेतलं ते पायामुळे. साखरेचा आजार, त्यात अंगठ्याला मासळीचा काटा लागला आणि जखम चार महिने भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, पाय हवा असेल तर ओल्या होडीत उभं राहायचं नाही. भिकूने होडी विकली. मुलगा कमलेश टेम्पो चालवतो, त्याला समुद्राची ओढ नाही. सून ऋतिका किनाऱ्यावरच्या एका तंबूंच्या कॅम्पवर पाहुण्यांचं बघते. घरात बसून राहिलेला भिकू दिवसातून दहा वेळा दारात जाऊन वारा बघायचा. शेवटी त्याची बायको नीराबाईच म्हणाली, "जा बाबा त्या बार्जवर. इथं दारात उभं राहून उंबरा झिजवलास माझा."

जाताना नीराबाई शिधा भरून द्यायची. तांदूळ, डाळ, सुकी सोडं, पोहे, चहापत्ती. साखरेचा मात्र दाणा नाही. गूळ नाही. एकदा भिकूने लपवून चिक्कीचा पुडा नेला होता तो तिने पिशवीत हात घालून काढला आणि धक्क्यावर सगळ्यांदेखत वाटून टाकला.

श्रावणातल्या त्या खेपेला ऋतिकाने त्याच्या हातात एक नवीनच वस्तू दिली. करंगळीएवढी काळी कांडी, तिला दोरीने बांधलेली एक लोखंडी पट्टी. कॅम्पवर कुणी पाहुणा विसरून गेला होता.

"चकमक आहे, बाबा," ती म्हणाली. "पट्टी घासली की ठिणग्या पडतात. भिजली तरी चालते. तुमच्या माचिसचं काय खरं नाही तिथे."

"आमी काय आदिमानव हाव का?" भिकू म्हणाला. पण कांडी खिशात टाकली.

आणि निघण्याआधी त्याने तेच केलं जे कुठल्याही कोळ्याने केलं असतं. खाऱ्या हवेत लोखंड उघडं ठेवायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. होडीवरची प्रत्येक वस्तू, मग ती हूक असो की पाना, इंजिनाचं जळकं तेल चोळल्याशिवाय त्याने कधी ठेवली नव्हती. कांडीला त्याने चांगलं तेल चोपडलं. मग पट्टी बघितली. बोथट. कोळ्याच्या घरात बोथट लोखंड म्हणजे घरधन्याची अब्रू गेली. मागच्या पडवीत नीराबाई ज्या दगडावर रोज सकाळी मासळी कापायचा कोयता घासते, त्या दगडावर त्याने पट्टीची दोन्ही अंगं अर्धा तास घासली. नखावर चालवून बघितली. केस उतरेल अशी धार आली तेव्हा समाधानाने तेल लावून दोन्ही गोष्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या.

बार्जवर तिसऱ्या दिवशी गॅस संपला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. डेकवर लाकडी फळ्यांचा ढीग होता आणि तेलाचं अर्धं कापलेलं पिंप होतं. पिंपात चूल झाली. नवं सिलिंडर घेऊन लाँच आठव्या दिवशी यायची होती.

सातव्या दिवशी बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला.

वारा दक्षिणेकडून फिरला आणि खाडीचं तोंड पांढरं झालं. होड्या सगळ्या आत खाजणाच्या कडेला ओढून बांधलेल्या. भाऊच्या धक्क्याची लाँच बंद. आठव्या दिवशी सकाळी सात वाजून गेल्यावर एक लाट डेकवरून थेट केबिनच्या दारावर आली. दार गंजून नीट लागतच नव्हतं. पाणी आत फिरलं आणि खालच्या फळीवरचं सगळं घेऊन बसलं. पोह्यांचा डबा उलटला, बिस्किटांचा लगदा झाला. माचिसच्या चारही पेट्या भिजल्या. भिकूने काड्या एक-एक करून पुसल्या, वाऱ्याला धरल्या, पण गुलच विरघळून हाताला लागला. छताला उंच टांगलेले तांदूळ, डाळ आणि चहापत्ती तेवढी वाचली.

त्याने सकाळची गोळी घेतलेली होती. न्याहारीला पोहे करायचे म्हणून आधी गोळी, ही रोजची सवय. गोळी पोटात गेली आणि पोहे समुद्रात.

साखर उतरते तेव्हा काय होतं हे भिकूला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. गेल्या वर्षी देवळाच्या पायरीवर त्याला घाम फुटला होता, हात लटपटले होते, आणि आपण कुठे आहोत तेच त्याला आठवेना. तेव्हा चार माणसं होती, कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. इथे पेढा नव्हता, माणसं नव्हती. तांदूळ होते, डाळ होती, गोडं पाणी होतं, वर्षभर पुरतील एवढी लाकडं होती. विस्तव नव्हता.

त्याने फोन काढला. चार्जिंगची पेटी परवाच संपली होती, फोनमध्ये अकरा टक्के उरले होते. पहिला फोन चांगदेवला. चांगदेव म्हणजे किनाऱ्यावरचा सुपरवायझर.

"मामा, तीन नंबर लागलाय," चांगदेव म्हणाला. "मी काय पोहत येऊ?"

"माचिस भिजल्या रे. जेवायचं काय?"

"दोन दिवस कळ काढा. बावटा उतरला की पहिली लाँच तुमची. फळंबिळं असतील ना?"

"बार्जवर आंब्याचं झाड लावलंय ना तू," भिकू म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसरा फोन घरी. नीराबाईने आवाजावरूनच ओळखलं.

"गोळी खाल्ली?"

"खाल्ली."

"आन् जेवन?"

"पोहे पाण्यात गेले. माचिस भिजल्या."

"अरे देवा. कवा खाल्ली?"

"सात वाजता."

"मंग कच्चे तांदूळ चाव. भिजव आन् चाव. बसून ऱ्हा, उठू नको. उद्या गोळी घ्यायची न्हाय, ऐकतंस ना?" मग ती बाजूला वळून काही बोलली, आणि फोनवर ऋतिका आली.

"बाबा, ती चकमक आहे का जवळ?"

भिकूच्या खरं म्हणजे ती डोक्यातून गेलीच होती. पिशवी टांगलेल्या पिशव्यांच्या तळाशी होती, कोरडी. त्याने ती दातांनी सोडली.

"हाय."

"ऐका. आधी कांडीवरचं काळं खरडून काढायचं. सगळं नको, एक बाजू, चांदीसारखी दिसेपर्यंत. मग पट्टी आडवी दाबून धरायची आणि सावकाश ओढायची. माचिससारखं फटकन नाही. जोर द्यायचा, घाई नाही. खाली कापूस ठेवायचा, एकदम—"

फोन बंद पडला. अकरा टक्के म्हणजे या फोनचे अकरा श्वास, भिकूला माहीत होतं.

केबिनच्या आडोशाला, पिंपाच्या चुलीपुढे तो बसला. आधी फळ्यांच्या ढिगातून मधली कोरडी फळी ओढून कोयत्याने तिच्या बारीक काड्या केल्या. एवढ्यानेही दम लागला. मग चिंधी घेतली आणि डिझेलमध्ये बुडवली. होडीवर चूल अशीच पेटायची. डिझेलची चिंधी, एक काडी, झालं. चिंधीवर कांडी धरून त्याने पट्टी घासली.

काही नाही. पट्टी तेलावरून सुळकन घसरली.

त्याला आपणच चोपडलेलं तेल आठवलं. साबणाने कांडी धुतली, पट्टी धुतली, अंगातल्या बनियनच्या कोरड्या कडेने पुसली. कोयत्याने कांडीची एक बाजू खरडली, आणि ऋतिका म्हणाली तशी काळ्याखालून चांदी निघाली. त्याला बरं वाटलं. पुन्हा पट्टी. आता दोन-चार तांबड्या ठिणग्या उडाल्या, चिंधीवर पडल्या आणि डिझेलात बुडून विझल्या. पुन्हा. पुन्हा. डिझेलला ज्योत लागते, ठिणगीने ते पेटत नाही, हे साठीच्या वर गेलेल्या या तांडेलाला आज कळत होतं.

चिंधी बाजूला टाकली. घाम येत होता. वारा गार होता तरी मानेवरून घाम उतरत होता. त्याने भिजवलेले तांदूळ मूठभर तोंडात टाकले आणि चावत बसला. दाताखाली कचकच. तांदळाने बरं वाटायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं, आणि वेळच किती आहे ते ठाऊक नव्हतं.

कापूस, ती म्हणाली होती. कापूस कुठला इथे? मग नजर उशीवर गेली. नीराबाईने सावरीचा कापूस भरून शिवलेली उशी वरच्या बाकावर होती म्हणून कोरडी राहिली होती. त्याने कोपरा उसवला. रेशमासारखा हलका कापूस बाहेर आला, निम्मा वाऱ्याने नेला. उरलेला त्याने शर्टाच्या आत पोटाशी धरला. सुंभाच्या तुकड्याचे पीळ सोडून काथ्या मोकळा केला, तोही शर्टात. अंगाच्या उबेने दमटपणा जाईल. पोटाशी कापूस आणि काथ्या धरून बसलेला हा म्हातारा कुणी पाहिला असता तर बाळंतीण म्हणाला असता.

कापसाचा पुंजका, भोवती काथ्या. कांडी, पट्टी. त्याने जोर लावला.

पट्टीने कांडी सोलली. बटाट्याची साल निघावी तशी. खाली करडा भुगा पडला, ठिणगी एखादीच. आणखी जोर लावला तर पट्टी कांडीत रुतून अडकली. हिसका दिला, तो हात सुटून सगळा पुंजका उडाला आणि चुलीबाहेर गेला. भिकू गुडघ्यांवर रांगत तो गोळा करत होता तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा पिवळं-पिवळं आलं.

तो तिथेच बसून राहिला. समोर निळे पत्रे दिसत होते. पाऊस नव्हता, त्यामुळे अगदी स्पष्ट. दारात कुणीतरी उभं होतं. लाल लुगडं. तिला हा दिसत नसणार, एवढा मोठा बार्ज तेवढा दिसत असणार. ओरडलं तर आवाज वाऱ्या-लाटांतच विरेल. तीस वर्षांत तो बंदरापासून चाळीस-चाळीस मैल गेला होता, वादळात दोन रात्री भरकटला होता, पण हातात सुकाणू होतं. काही करायला होतं. इथे लोखंड हलत नव्हतं आणि तो लोखंडावर होता.

त्याने पट्टी हातात घेतली. अंगठ्याने धार बघितली, केवळ सवयीने. कातडी कापली गेली, रक्ताचा थेंब आला. आणि थेंबाकडे बघता बघता त्याला ती धार खटकली.

धारेचं काम कापायचं. कापायचं म्हणजे अडल्याशिवाय आत जायचं. ठिणगी पडते ती अडल्यावर. कोयता हाडावर गेला तर ठिणगी पडत नाही, नांगर खडकावर आपटला की पडते. कमलेश लहान असताना चपलेचे खिळे घासत दगडावर चालायचा, तेव्हा पडायच्या. खिळ्यांना काय धार असते? त्याने पट्टी उलटीपालटी केली. दोन्ही अंगं त्याने स्वतः, अर्धा तास खपून, नासवली होती. ती बोथट नव्हतीच. तिच्या कडा चौकोनी होत्या, विटेच्या कडेसारख्या, आणि तसंच त्यांनी असायला हवं होतं.

भिकू मोठ्याने शिवी हासडून उठला. शिवी कुणाला ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

चौकोनी कड. कोयत्याची पाठ झिजून गोल झालेली. चमच्याची कड गोल. हत्यारांच्या पेटीत पाने, पक्कड, आणि तळाशी तेलकट कागदात लोखंड कापायच्या करवतीचं पान. दातांची बाजू नको. पाठ बघितली. सपाट, दोन्ही कोपरे टोकदार चौकोनी. कुणी घासलं नव्हतं, कारण करवतीच्या पाठीला कोण धार लावतो? त्याने पान पुसलं, दातांच्या बाजूला चिंधी गुंडाळली.

पुन्हा पुंजका. या वेळी त्याने एक केलं. पडलेला करडा भुगा फळीवरून बोटाने गोळा करून कापसात टाकला. कांडीचाच भुगा आहे, पेटला तर हाच पेटेल. मग करवतीची पाठ कापसाच्या अगदी जवळ फळीवर रोवून धरली. मघाशी हात पुढे गेला की पुंजका उडत होता. आता पान जागेवर धरायचं आणि कांडी मागे ओढायची. रापणीचं जाळं ओढताना माणूस पाय रोवतो आणि दोर ओढतो, तसं. आपण हलायचं नाही.

पहिल्या ओढीला पांढऱ्या ठिणग्यांचा झोत निघाला, असा की भिकूने तोंड मागे घेतलं. पण त्या पलीकडे पडल्या. दुसरी ओढ वाकडी गेली. त्याने श्वास सोडला, कोपर मांडीला टेकवलं, आणि सावकाश, दाबून, ऋतिकाच्या शब्दाला जागून ओढली.

भुगा फुरफुरला आणि कापूस पेटला. सावरीचा कापूस पेटतो तो भप्पकन, आणि तसाच जातो. भिकूने काथ्या वर टेकवला, दोन्ही हातांची भिंत केली. काथ्याच्या टोकाला तांबडा किडा धरला, सरपटत आत गेला. त्याने फुंकर मारली, बाळाच्या डोळ्यावर मारतात तेवढीच. धूर. आणखी एक फुंकर. ज्योत. मग सुईएवढ्या काड्या, मग बोटाएवढ्या.

भात शिजेपर्यंत त्याने थांबायला हवं होतं, पण थांबला नाही. पाण्याला उकळी आली तशी तो वाटीने पेज काढून पीत बसला, अर्धे कच्चे तांदूळ, मीठसुद्धा नाही. तिसऱ्या वाटीनंतर घाम थांबला. मग त्याने चुलीत भिजक्या सुंभाचा वेटोळा टाकला. जाड पिवळा धूर निघाला आणि वाऱ्याने आडवा होऊन थेट किनाऱ्याकडे गेला. लाल लुगडं दारातून अंगणात आलं. बराच वेळ तिथे उभं राहिलं, आणि आत गेलं. ती आत गेली म्हणजे तिला कळलं.

बावटा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

भिकू जेवत होता, गोळीला हात लावत नव्हता, पण आता वेगळंच झालं. तो विस्तव विझू देईना. पुन्हा पेटेल याचा त्याला भरवसा नव्हता. पेटला तो नशिबाने, असं मनात बसलं होतं. निखारे राखेखाली झाकायचे, तासाने उघडून बघायचे, लाकूड सरकवायचं. झोप घेतली ती चुलीला पाठ लावून, कोंबडीसारखी. वाऱ्याने नांगराची साखळी रात्रंदिवस कुरकुरत होती. ती पुढच्या टोकाला जाऊन बघायला हवी होती, पण तेवढ्यात विस्तव गेला तर? बार्ज नांगराला बांधलेला होता आणि भिकू या पिंपाला. आधी निदान बार्जभर फिरता येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा थोडा पडला. भिकूने राख उकरली. आत हरभऱ्याएवढे दोन निखारे होते. त्यावर काडी ठेवायला हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. विझू दे, म्हणून त्याने काडी खाली ठेवली. निखारे तांबड्याचे करडे झाले, करड्याचे काळे. त्याला वाटलं तेवढा वेळ लागला नाही.

मग त्याने चूल झाडून साफ केली. उशीतून कापूस काढला, आता हात चुकून जास्त घेत नव्हता. शर्टात धरून कोरडा केला. कांडीवरून पान अगदी हलकं चालवून चिमूटभर भुगा पाडून घेतला. पान रोवलं, कोपर मांडीला टेकवलं.

पहिली ओढ फुकट गेली. भिकूने कांडी फिरवून जास्त खरडलेली बाजू पुढे घेतली. दुसरीला पेटलं.

त्याने चहा ठेवला, कोरा, बिनसाखरेचा. फुंकत फुंकत प्यायला. चूल मागे तशीच जळत सोडली आणि तो उठला. डेकच्या कडेकडेने, दुखरा पाय जपत, फळ्यांचे ढीग ओलांडत, तीन दिवसांत पहिल्यांदा बार्जच्या पार पुढच्या टोकाला गेला. तिथे गुडघ्यावर बसून नांगराची साखळी कडी-कडी करून नीट तपासली. शाबूत होती. मागे वळून बघितलं तर धूर बंद झाला होता, चूल विझली होती. तो तिथेच आणखी थोडा वेळ बसला.